उसाच्या ट्रॉलीवरून उडी

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*पत्र वाचून हसाल. बायको तर आधीच हसतेय. मी ४६ वर्षांचा, मूळचा वाळवा तालुक्यातला, नोकरीमुळे डोंबिवलीत स्थायिक. लहानपणी दूरदर्शनवर ‘स्ट्रीट हॉक’ लागायची, तिचं मला अक्षरशः वेड होतं. मुलगी लहान असताना तिला झोपवताना रोज रात्री मी त्या काळ्या मोटारसायकलच्या गोष्टी सांगायचो. आता ती १३ वर्षांची आहे. मेच्या सुट्टीत ठरवलं, हिला एकदा खरी मालिका दाखवायचीच. इंटरनेटवर शोधून काढली, चिवड्याचा डबा घेऊन दोघं बसलो. दुसरा भाग अर्धा झाला तेव्हा ती हळूच म्हणाली, “बाबा, हे तेच आहे का?”*

*मग ‘करमचंद’ लावली. तिसऱ्यांदा “शट अप, किटी” ऐकल्यावर तिने विचारलं, “हा तिला सारखा गप्प का बसवतोय?” शेवटी इज्जत वाचवायला ‘रश अवर’ लावला. कॉलेजात असताना त्याला आम्ही मित्र खुर्चीवरून पडेपर्यंत हसलो होतो. वीस मिनिटांत माझी मलाच लाज वाटायला लागली. नेट गेलं असं सांगून टीव्ही बंद केला.*

*त्यानंतर आठवडाभर कशातच मन लागत नव्हतं. आमची आवडच भिकार होती का? ‘धडाकेबाज’ अजून शिल्लक आहे, पण तो लावायची हिंमत होत नाही. बघू की राहू दे?*

*ता. क. उसाने भरलेल्या ट्रॉलीवरून तो मोटारसायकल उडवतो, तो भाग मुलीला बघायचा होता. सगळे भाग पालथे घातले, सापडला नाही. लोक अर्धवट भाग टाकतात का?*

*— एक वाचक, डोंबिवली*

प्रिय वाचक,

हसले, पण मोटारसायकलला नाही, नेटच्या थापेला. तेरा वर्षांच्या मुलीला घरातलं नेट चालू आहे की बंद, हे तुमच्या आधी कळतं. ती काही बोलली नाही, म्हणजे तिने तुमची अब्रू राखली. मुलगी गुणी आहे.

‘स्ट्रीट हॉक’ अमेरिकेत एबीसी वाहिनीवर जानेवारी १९८५ मध्ये सुरू झाली आणि मे महिन्यात बंदही पडली. एकूण भाग तेरा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिकडे ती पडलेली मालिका. आपल्याकडे मात्र ती पाहून एक अख्खी पिढी सायकलवर ओणवी होऊन तोंडाने घूंऽऽ करत गल्लीबोळांतून सुटली. जखमी झालेला पोलीस, दिवसा खात्याच्या जनसंपर्काचं काम, रात्री काळं शिरस्त्राण घालून गुंडांच्या मागे, आणि ताशी ३०० मैल पळणारी गाडी. ती गाडी म्हणजे मातीत पळवायच्या होंडावर चढवलेलं काळं कवच. वेग दाखवायचा तर चित्रण पळवायचं. एकदा पळवलेला रस्ता पुढच्या भागात पुन्हा वापरायचा, खर्च वाचतो. आठवड्याने बघणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. तुम्ही लागोपाठ दोन भाग लावलेत, आणि त्या रस्त्याची झाडंसुद्धा तुमच्या ओळखीची झाली.

त्या काळच्या अमेरिकन मारधाडीच्या मालिका अशाच एका साच्यातून काढलेल्या असत. ‘नाइट रायडर’ घ्या, ‘द ए-टीम’ घ्या. दर भागात नवा दुष्ट, नवं संकट, ठरलेला पाठलाग, शेवटी सगळे जिथल्या तिथे. दोन आठवडे चुकलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात येऊन बसला तरी त्याचं काही अडू नये, म्हणून हा साचा. ‘ए-टीम’मध्ये गोळ्यांचा पाऊस पडायचा, जीपगाड्या हवेत कोलांट्या घ्यायच्या आणि उलट्या पडलेल्या गाडीतून माणसं कपडे झटकत बाहेर यायची. आठवड्यातून एकदा बघितलं तर ती गंमत वाटते. सलग चार भाग बघितले की एकाच जेवणात चार वेळा वरणभात वाढल्यासारखं होतं. वरणभाताचा त्यात काही दोष नाही.

आता माझं सांगते. मी तेव्हा कॉलेजात जाणारी, म्हणजे असल्या गोष्टी बघायचं वय उलटलेलं. धाकट्या भावाच्या निमित्ताने बघायचे. साताऱ्याला आमच्या वाड्यात लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही होता. त्यात काळी गाडी, काळा पोशाख आणि रात्रीचा रस्ता. मला फक्त पुढचा दिवा दिसायचा आणि आवाज यायचा. बाकीची गाडी मी मनाने भरली होती. माझ्या गाडीला मागे पंख होते. भावाच्या गाडीला नव्हते. यावरून आमचं भांडण झालेलं आठवतं, आणि दोघांनीही ती गाडी धड पाहिलेली नव्हती! इंग्रजी आम्हाला कळायचं नाही. समोरच्या खोलीतले एक अण्णा अर्थ सांगायचे. खूप वर्षांनी मीही तुमच्यासारखे सगळे भाग पाहिले तेव्हा कळलं, अण्णा सरळ ठोकून देत होते. अण्णांच्या कथानकात एक आंधळी आई होती. मूळ मालिकेत तिचा पत्ता नाही.

एक गोष्ट मात्र आजही अस्सल आहे. त्या मालिकेचं संगीत टँजरीन ड्रीम या जर्मन बँडचं होतं. सुरुवातीची ती धून डोळे मिटून ऐका. आणि दुसऱ्या भागात जो कोवळा पाहुणा नट दिसतो तो जॉर्ज क्लूनी. तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. लेकीने ओळखला नसेल तर पुन्हा दाखवा. तेवढ्यापुरता तरी तो भाग कामी येईल.

तुमची आवड भिकार होती का, याचं उत्तर यातच आहे. अकरा वर्षांचं पोर आवडनिवड करत नसतं, समोर जे येईल त्यातून खेळ बनवतं. काठीची तलवार केली म्हणून काठी भिकार ठरत नाही.

तुमची खरी अडचण मला ‘करमचंद’मध्ये दिसते. तिथे ‘तेव्हा साधनं नव्हती’ ही सबब चालत नाही. १९८५ ची मालिका, पंकज पराशर यांचं दिग्दर्शन. पंकज कपूर काळा चष्मा लावून गाजर खात खुनांचा छडा लावायचे आणि सुष्मिता मुखर्जींची किटी काहीतरी भाबडं बोलली की तिला ते एक वाक्य ऐकवायचे. आमच्या वाड्यात त्या वाक्याने दोन वर्षं मुक्काम ठोकला होता. जेवताना मी काही बोलायला तोंड उघडलं की भाऊ म्हणायचा, “शट अप, किटी.” सगळे हसायचे. मीही हसायचे, अगदी मनापासून. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण जेवताना मी बोलायची बंद झाले, हेही खरं. ही सांगड मला तेव्हा लागली नाही, तिशीनंतर लागली, तीही कधीतरी भांडी विसळताना.

म्हणून लेकीने विचारलं तेव्हा तुम्ही “त्या काळी तसंच होतं गं” असं म्हणाला असाल, अशी मला दाट शंका आहे. आपण सगळे तेच म्हणतो. त्या वाक्यात खोटं काही नाही, पण ते दाराला कडी लावतं. पुढे कुणी काही विचारूच शकत नाही. त्यापेक्षा तुमच्या घरात तेव्हा किटी कोण होती, ते तिला सांगा. बहीण होती? आई? वर्गातली एखादी मुलगी? तुम्ही कुणाला ते वाक्य ऐकवलं होतं? एवढं सांगितलंत तर ती मालिका जुनी झाल्याचं कुणाला काही वाटणार नाही. आणि पुन्हा बघितलीत तर या खेपेला सुष्मिता मुखर्जींकडे बघा. ज्या बाईला दर भागात तेच बावळटपण करायचंय आणि तरी ती दर वेळी वेगळ्या तऱ्हेने अडखळते, तिचं काम काही सोपं नव्हतं. आम्ही सगळे गाजराकडे बघत राहिलो.

‘रश अवर’चंही तसंच, पण त्यात एक गाठ आहे. १९९८ चा सिनेमा. तुम्ही जिथे बंद केलात ती जागा मी ओळखते. विमानतळावर समोरच्याला इंग्रजी येत नाही असं धरून ख्रिस टकर जॅकी चॅनशी ओरडून बोलतो, ती. थोडं थांबला असतात तर पाहिलं असतंत की हाँगकाँगच्या त्या पोलिसाला इंग्रजी चांगलं येतं. तो मुद्दाम गप्प असतो आणि फासा उलटतो. म्हणजे तो विनोद दोन्हीकडे कापतो. पुढचे काही मात्र एकाच बाजूला कापतात, तिथे तुमची लाज रास्त आहे. आणि लाजायचंच तर लांब कशाला जायला हवं? आपल्याकडच्या विनोदी नाटक-सिनेमांत “अय्यो” म्हणणारा मद्रासी आणि “शाब, शाब” करणारा गुरखा आला की आपण न चुकता हसलो आहोत. तो काय बोलतो याची वाटही बघत नव्हतो. त्याने तोंड उघडलं की पुरे.

लाज वाटली म्हणून तुम्ही बिघडला नाहीत, उलट मधल्या पंचवीस वर्षांत तुम्ही काहीतरी ऐकलंत, पाहिलंत, त्याचा तो पुरावा. ती लाज मुलीपासून लपवायची काय गरज होती? “मी याला हसलो होतो, आज हसू येत नाही,” असं बापाच्या तोंडून ऐकायला मिळणं ही तेरा वर्षांच्या मुलीसाठी काही छोटी गोष्ट नाही.

आता थोडं तुमच्या बाजूने बोलते. मारधाडीचा विनोद सगळाच शिळा होत नाही. जॅकी चॅनलाच घ्या, पण हॉलिवूडमधला नको, हाँगकाँगमधला घ्या. ‘पोलीस स्टोरी’, १९८५. शेवटची मारामारी एका मोठ्या दुकानसंकुलात होते, काचा फुटतात त्याला हिशेब नाही. अगदी अखेरीला गुन्हेगार खाली पळताना दिसतो आणि जॅकी चॅन वरच्या मजल्यावरून थेट एका खांबावर झेप घेतो. त्या खांबाला दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. बल्ब फोडत, ठिणग्या उडवत तो सरसर खाली येतो आणि काचेच्या छतातून जमिनीवर आदळतो. ही एकच उडी लागोपाठ तीन वेळा, तीन बाजूंनी दाखवली आहे. फुशारकीच ती, पण त्याला ती शोभते, कारण उडी त्याने स्वतः मारली होती. हात भाजले, पाठीला मार बसला. ‘प्रोजेक्ट ए’मध्ये तर तो मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो आणि कापडी छतं फाडत खाली पडतो. हॅरल्ड लॉइड १९२३ मध्ये एका मूकपटात घड्याळाला लोंबकळला होता, त्याला केलेला हा मुजरा. लेकीला हे दोन तुकडे दाखवा, फक्त दोन. पूर्ण सिनेमा नको. कथानकं काही ग्रेट नाहीत, आणि ‘पोलीस स्टोरी’त बिचाऱ्या मैत्रिणीला जे काही सोसावं लागतं त्यावर तुम्हाला पुन्हा एक प्रश्न येईल.

असले प्रसंग टिकतात, कारण कॅमेरा लांब ठेवलेला असतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि तो जे करतोय ते खरोखर करतोय हे आपल्याला कळतं. पळवलेलं चित्रण पाच वर्षांत ओळखू येतं. खरी उडी ओळखायला चाळीस वर्षांनीही कुणाची मदत लागत नाही. आपल्याकडे मारामारीत एवढं नाही साधलं, पण विनोदात साधलं. ‘धुमधडाका’मधला अशोक सराफांचा तो खोकला आठवा. “व्याख्या, विक्खी, वुक्खू.” अर्थ काय, तर काहीच नाही. श्वास कुठे अडकवायचा, डोळे कधी बाहेर काढायचे, एवढाच तो खेळ. माझ्या भाचीच्या दोन वर्षांच्या मुलाला मराठीतली दहा वाक्यं धड येत नाहीत, पण त्या खोकल्याला तो लोळण घेतो.

तर ‘धडाकेबाज’. बघा की! फक्त परीक्षेचे पेपर तपासायला बसल्यासारखे एकटे बघू नका, आणि मुलीला शेजारी बसवून दर दोन मिनिटांनी तिच्या तोंडाकडेही बघू नका. तसं बघितलं तर ताजमहालसुद्धा नापास होईल. १९९० चा हा महेश कोठारेंचा सिनेमा, मराठीतला पहिला सिनेमास्कोप. तो रुंद पडदा भरून दिसावा म्हणून काढलेला, आणि आपण तो मोबाइलवर बघून म्हणायचं की मजा आली नाही. दिवाळीत गावी गेलात की भावंडं जमतीलच. रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांत मोठ्या टीव्हीवर लावा. कवट्या महाकाळ आला की कुणीतरी त्याच्या आधी त्याचं वाक्य म्हणेल, दुसरा त्याला दुरुस्त करेल, वहिनी म्हणतील आवाज कमी करा. असे सिनेमे अशाच गोंगाटात बघायचे असतात. शांततेत ते बिचारे उघडे पडतात.

मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. हाणामाऱ्या लांबल्यासारख्या वाटतील, बाटलीतल्या गंगारामची करामत आजच्या पोरांना लगेच कळेल. पण लक्ष्मीकांत बेर्डे त्या बाटलीशी बोलताना नीट बघा. समोर बाटलीत तेही स्वतःच, म्हणजे प्रत्यक्षात बोलताना पुढ्यात बहुधा रिकामी बाटलीच असणार. रिकाम्या बाटलीवर इतकी माया करता येणं, हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. लक्ष्याला जाऊन २००४ च्या डिसेंबरपासून किती वर्षं झाली याचा हिशेब मी करत नाही. तुम्हीही त्या रात्री करू नका.

अजून एक सुचवते, विचारलं नाहीत तरी. लहानपणी जे लागलं की तुम्ही उठून बाहेर खेळायला पळायचात, ते आता बघा. तुमचे वडील काय बघायचे? माझे वडील ‘मालगुडी डेज’ लागली की आम्हाला गप्प बसवायचे आणि मला ती भयंकर रटाळ वाटायची. कुणी कुणाला मारत नाही, कुणी उडी मारत नाही, एक मुलगा नुसता गावातून हिंडतो. परवा तीन भाग पाहिले आणि चहा गार झाला. जे आवडलं होतं ते निसटलं म्हणून तुम्ही आठवडाभर उदास होतात, पण जे तेव्हा कळलंच नव्हतं त्याची थकबाकी अजून येणं आहे.

राहता राहिली उसाची ट्रॉली.

भाग अर्धवट टाकलेले नाहीत हो. कुणी काही गाळलेलं नाही. ती मालिका लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर घडते. तिथे ट्रक असतात, बंदर असतं, उड्डाणपूल असतात. उसाने भरलेल्या ट्रॉली असतात इस्लामपूर-आष्टा रस्त्यावर, कारखान्याचा भोंगा झाला की, मागे लाल फडकं बांधलेल्या, ट्रॅक्टरवर टेप मोठ्याने लावलेला, आणि मागून ऊस ओढून पळणारी पोरं. त्या पोरांत तुम्ही होतात असा माझा अंदाज आहे.

तेरा भाग, असं म्हटलं होतं ना? मुलीला तुम्ही रोज रात्री गोष्ट सांगायचात. किती वर्षं? दोन धरा. सातशे रात्री. तेरा वजा करा आणि बाकीच्या कुठून आल्या ते मला सांगा.

मुलगी म्हणाली, “बाबा, हे तेच आहे का?” तुम्ही तो टोमणा समजलात. मला वाटतं ती साधी चौकशी होती. तिच्या ओळखीची मोटारसायकल वेगळी होती, वाळवा तालुक्यातल्या रस्त्यावरून धावणारी, आणि पडद्यावर भलतंच कुणीतरी आलं. माझ्या अण्णांची आंधळी आई मी अशीच तेराही भागांत शोधली होती.

तेव्हा आज रात्री टीव्ही लावू नका. तिला विचारा, ट्रॉलीवरून उडी मारल्यावर पुढे काय झालं होतं? तुम्ही विसरला असाल, ती विसरलेली नसणार. आणि मला एवढंच कळवा, उडी मारली तेव्हा ट्रॉली एक होती की दोन? आमच्याकडे दोन जोडतात.

तुमची,
ताई